पंचवीसचं ॲव्हरेज

पुण्यात कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आत प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" इंग्लंडमध्ये हे कुणी विचारत नाही. तिथे लोक गाडीचा रंग छान आहे म्हणतात आणि हवापाण्यावर बोलायला लागतात. बेसिंगस्टोकला नोकरीला लागल्यावर मी ऑफिसातल्या एकाला त्याच्या नव्या गाडीचं ॲव्हरेज विचारलं, तर मी त्याचा पगारच विचारल्यासारखा तो कावराबावरा झाला. तेव्हापासून हा विषय मी फक्त कॉव्हेंट्रीच्या मामांसाठी राखून ठेवला.

वसंतमामा १९७२ साली सांगलीहून कॉव्हेंट्रीला आले. मोटारींच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले, तिथूनच रिटायर झाले, आणि या सगळ्या काळात त्यांनी इंग्रजांकडून एकच नाद उचलला, तो म्हणजे कॅरव्हान. चाकांवरची एक खोली. ती गाडीमागे जोडायची, कुठल्यातरी शेतात न्यायची आणि पाऊस बघत त्यात बसायचं. ओढायला मामांकडे डिझेलचा डबल कॅब पिकअप आहे. कॅरव्हान ओढूनसुद्धा हा पिकअप गॅलनला पंचवीस मैल देतो, असं मामा भेटेल त्याला सांगत. म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला जेमतेम नऊ किलोमीटर. ऐकायला फारसं वाटत नाही, पण मागे सव्वा टनाची खोली बांधून धावून बघा.

शैलामामींना हा नाद मुळीच मान्य नव्हता. एकोणीस उन्हाळे त्यांनी शेतातल्या नळावर भांडी घासली होती आणि आता त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: कॅरव्हान विका, आणि मला एकदा तरी हॉटेलात न्या. मामा म्हणत, पण ॲव्हरेज बघ की. मामी म्हणत, ॲव्हरेजला काय चाटायचंय? शेवटी २००७ च्या उन्हाळ्यात दोघांनी करार केला. वेल्समध्ये क्रिकिएथच्या समुद्राकाठी जायचं आणि यायचं. पंचवीस पडलं तर कॅरव्हान राहील आणि मामी पुन्हा ब्र काढणार नाहीत. नाही पडलं तर ती विकायची. निवाडा करायला मला बोलावलं, कारण मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. मामांच्या शब्दांत, माझं पोट दुसऱ्याच्या चुका काढण्यावरच चालतं.

करार मामांनी सुचवला आणि मामांनीच त्यात स्वतःची मान अडकवून घेतली. जोशात येऊन म्हणाले, हवं ते सामान घे, माझा पिकअप सगळं ओढेल. मामींनी हे वाक्य फोनवरून मला वहीत लिहायला लावलं.

कॉव्हेंट्री

शुक्रवारी संध्याकाळी मी पोचले, आणि चहाच्या आधी माझ्या बॅगेचं वजन झालं. इंग्लंडमधल्या मराठी घरात देवघर नसेल एखादे वेळी, पण विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतोच. मामांनी माझी बॅग हुकाला टांगली. साडेनऊ किलो. त्यांचा चेहरा पडला. हेअर ड्रायर, एक जाडजूड कादंबरी आणि बुटांचा एक जोड कॉव्हेंट्रीतच राहिला. मग त्यांची नजर बाथरूमबाहेरच्या, माणसं तोलायच्या काट्याकडे गेली. मी म्हटलं, मामा, विचारूसुद्धा नका. आतून मामी म्हणाल्या, "हिला मी मुद्दामच बोलावलंय." हे त्या मायेनं म्हणाल्या, असं मी अजूनही धरून चालते.

मामींचं सामान असं होतं: दहा किलो तांदूळ, पाच किलो बेसन, चार किलो रवा, साखर, तुपाचे दोन डबे, तेलाचा कॅन, दोन कुकर, बिडाचा तवा, सहा नारळ आणि लोखंडी खलबत्ता. पाच दिवस, तीन माणसं. एकेक डबा आत जात होता आणि मामा दारात हाताची घडी घालून उभे होते, कारण वाक्य वहीत होतं. खलबत्ता निघाला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. मिक्सर का नाही घेत, असं त्यांनी विचारलं.

"मिक्सर हलका असतो," मामी म्हणाल्या.

सकाळी घराजवळच्या पंपावर टाकी भरली. हा सोहळा प्रत्येकाने एकदा बघावा. नोझल खटकन बंद झालं की आपण समजतो टाकी भरली. मामा समजत नाहीत. त्यांच्या मते आत फेस आणि हवा असते, ती बसवावी लागते. ते मागच्या बंपरवर चढून उड्या मारायला लागले, मला आणि मामींना दोन्ही बाजूंनी पिकअप हलवायला लावला, मग परत थोडं डिझेल, परत उड्या. डिझेल टाकीच्या तोंडाशी डोळ्यांना दिसलं तेव्हा कुठे झाकण लागलं. मागे रांगेत सहा गाड्या होत्या. एकानेही चकार शब्द काढला नाही. मी वहीत मैलांचा आकडा लिहिला आणि आम्ही निघालो.

कॅरव्हान ओढायची परवानगी मामांच्याच लायसन्सवर होती. ते जुन्या काळातलं होतं, त्यावर सगळं चालायचं. माझ्या नव्या लायसन्सवर हे धूड ओढायचं तर वेगळी परीक्षा द्यावी लागली असती. त्यामुळे माझ्या वाट्याला मागची सीट, वही आणि घाम आला. घाम अशासाठी की एसी डिझेल खातो म्हणून बंद, आणि खिडकी उघडली की वारा अडतो म्हणून तीही बंद. रेडिओनेसुद्धा फरक पडतो, हे मामांचं म्हणणं मी अजून तपासलेलं नाही. पायाला ॲक्सिलरेटर नीट कळावा म्हणून मामा नुसत्या मोज्यांवर गाडी चालवत होते.

टेलफर्ड

मोटरवेवर मामांनी एक उंच निळी लॉरी हेरली. मोठ्या लॉरीमागे वारा लागत नाही, ॲव्हरेज वाढतं, हे त्यांचं जुनं शास्त्र. अंतर ठेवा, म्हणून मी सतरांदा बजावलं. त्यांनी ठेवलंही, पण त्या लॉरीवरची नजर काही हलेना. ती पन्नासने गेली की आम्ही पन्नासने. ती बावन्न झाली की मामा मला सांगत, बावन्न झाली हं. तासभर असा सुखाचा संसार चालला आणि मी डुलकी काढली.

जाग आली तेव्हा आमच्यासमोर एक मोठं लोखंडी फाटक होतं. लॉरी टेलफर्डला मोटरवे सोडून गोठवलेल्या मटारांच्या गोडाऊनला आली होती, आणि तिच्यामागोमाग आम्हीही. फाटकावरचा पहारेकरी, अगदी सभ्य माणूस, खिडकीशी येऊन मामांकडे डिलिव्हरीचे कागद मागायला लागला. मामांनी त्याला सांगितलं की आम्ही फक्त वारा चुकवत होतो. त्याने कॅरव्हानकडे बघितलं, मोज्यातल्या पायाकडे बघितलं, आणि इथून मागे जावं लागेल असं हळू आवाजात सांगितलं.

कॅरव्हान मागे घेणं हा उलट्या बुद्धीचा कारभार आहे. ती डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि जरा चुकलं की ती पिकअपला काटकोनात येऊन उभी राहते. मामी रेनकोट घालून उतरल्या आणि मागे उभं राहून हात हलवत ओरडायला लागल्या, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बास!" आमच्याकडे गाडी मागे घ्यायची दुसरी पद्धत नाही. पहारेकऱ्याने दहा मिनिटं ऐकलं आणि मग तो दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला. अर्ध्या तासाने आम्ही सुटलो तेव्हा तो स्वच्छ मराठीत "येऊ द्या" म्हणत होता. त्याच्यामागे खोळंबलेले चार ड्रायव्हर लॉऱ्यांतून उतरून हे बघायला जमले होते. मामांना मात्र लाज वगैरे काही वाटली नाही. या भानगडीत दोन कप डिझेल वाया गेलं, एवढंच त्यांना लागलं होतं.

पुढे वेल्सच्या डोंगरात रस्ता अरुंद झाला. चढावर आम्ही पंचविसाने चढत होतो, आणि मागे गाड्यांची रांग वळणापलीकडे गेली होती. हॉर्न नाही, काही नाही. पुण्यात एव्हाना आमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. मला त्या शांततेचीच भीती वाटायला लागली. उतार आला की मामांचा चेहरा फुलायचा, "हे फुकटाचे मैल." समोरून वारा वाहत होता आणि दर पाच मिनिटांनी ते वाऱ्याला दोष देत होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं मामी खिडकीबाहेर बघत पुटपुटल्या.

क्रिकिएथचं शेत

जागा मात्र अशी होती की मी काही वेळ सगळं विसरले. हिरवं शेत उतरत समुद्रापर्यंत गेलेलं, एका बाजूला टेकाडावर पडका किल्ला, आणि मागे डोंगर, त्यातले अर्धे ढगात. मी लगेच दुसऱ्या दिवशी स्नोडनच्या शिखरावर जायचा बेत सांगितला. मामा म्हणाले, जा की, बस आहे. पिकअप हलणार नव्हता. मागे कॅरव्हान नसताना चाललेला एकही मैल हिशेबात आला तर आकडा बाटणार होता. पाच दिवस तो पिकअप आमच्या दारात नुसता उभा होता, आणि आम्ही पावसात दीड मैल चालत जाऊन दूध आणत होतो. बटाट्याचे गरम चिप्स आणले तर परत येईपर्यंत त्यांचा लगदा व्हायचा. स्नोडनला मी बसने गेले. वर पोचल्यावर मला फक्त ढग आणि ओली मेंढी दिसली.

पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या कॅरव्हानमधली पॅट नावाची बाई लिंबाचा केक घेऊन आली. स्टोक शहरातली, साठीची, तिचा नवरा रॉय दिवसभर खुर्चीत बसून दुर्बिणीने पक्षी बघायचा. केक तिने काचेच्या ताटलीत आणला होता. आणि इथेच मामींचा घात झाला, कारण आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायची रीत नाही. मामींनी ताटलीत रव्याचे लाडू घालून पाठवले. पॅटला वाटलं, एवढे लाडू आले म्हणजे काहीतरी परत द्यायला हवं. ती स्कोन, म्हणजे गोडसर छोटे पाव, घेऊन आली, मोठ्या बाऊलमध्ये. मामींनी बाऊल मापला आणि शिरा केला. मग पॅटने पलीकडच्या दोन कॅरव्हानींत शिरा वाटला, आणि त्या दोघींनी आपापली भांडी भरून पाठवली.

तिसऱ्या दिवशी धो धो पाऊस होता आणि मामी कॅरव्हानला जोडलेल्या तंबूच्या पडवीत अख्ख्या शेतासाठी कांदाभजी तळत होत्या. छत्र्या धरून रांग लागली होती. रॉयने दुर्बीण खाली ठेवली आणि चौथी प्लेट घेतली. मामा गल्ल्यावर बसल्यासारखे खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आधी कळेना. रात्री जेवणं झाल्यावर कळला. त्यांनी हळूच हुकाचा काटा काढला आणि बेसनाची पिशवी टांगली.

"साडेतीन किलो उतरले गं," ते माझ्या कानात म्हणाले.

मामींना हे चौथ्या दिवशी उमगलं. तांदूळ अर्धा, रवा संपलेला, नारळ एक, बेसनाचा खडखडाट. आपण मामांना हरवायला आणलेलं वजन आपणच तळून लोकांच्या पोटात घातलं, हे कळल्यावर त्या मिनिटभर कॅरव्हानच्या पायरीवर बसून राहिल्या. मग चपला घालून म्हणाल्या, चल, बसने जाऊ. आम्ही वर ब्लायनाऊला गेलो. तिथे पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत, अख्खा डोंगर काळा. मामींनी दुकानातून दगडाच्या दोन लाद्या घेतल्या. एक पोळपाट म्हणून आणि एक तुळशीखाली ठेवायला, असं कारण दिलं. बसथांब्यापासून शेतापर्यंत त्या मीच उचलल्या, आणि टेस्टरच्या नोकरीत हे काम बसत नाही, असं मी वाटेत तीनदा तरी म्हटलं.

शेतात पोचतो तो पॅटची ताटली दारात. ती परत भरून ठेवून गेली होती. आता मामींकडे द्यायला काही उरलं नव्हतं, आणि उद्या तर निघायचं. त्यांनी ताटली धुतली, पुसली, दोन मिनिटं तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग मोठी लादी उचलली, ताटली तिच्यावर ठेवली आणि दोन्ही घेऊन पॅटकडे गेल्या. मी डोक्याला हात लावला.

त्या संध्याकाळी पाऊस थांबला. मामा शेताच्या टोकाला उभे राहून रॉयला डोंगरांची नावं विचारत होते आणि लहान मुलासारखी परत परत म्हणत होते. तीस वर्षं कारखान्यात रात्रपाळी केलेला माणूस. मी त्यांना एवढं मोकळं कधी बघितलं नव्हतं. मामीही दारातून तेच बघत होत्या. मी बघतेय असं दिसल्यावर त्या लगेच भांडी गोळा करायला लागल्या. मी घेते म्हटलं, तर नको म्हणाल्या.

नळ शेताच्या खालच्या अंगाला होता. थोड्या वेळाने मामी भांड्यांची बादली घेऊन चढावर येताना दिसल्या. मध्येच त्यांनी बादली खाली ठेवली, गुडघा धरला आणि तशाच ओल्या गवतात बसल्या. मी धावले. पण माझ्याआधी मामांनी ते बघितलं होतं. त्यांचं डोंगरांची नावं म्हणणं थांबलं. ते खाली गेले, बादली उचलली आणि दुसरा हात मामींना दिला. 

परत कॉव्हेंट्री

येताना वारा पाठीशी होता, कॅरव्हान हलकी होती आणि मामांनी लॉरी धरली नाही. मी मनात आकडे मांडत होते. सांगायला हरकत नाही, मी तोपर्यंत मामांच्या बाजूची झाले होते. निवाडा करणाऱ्याने असं होऊ नये, पण ती कॅरव्हान गेली तर मामा करणार काय, हे मला दिसेना. आणि मामी बरोबर होत्या हेही दिसत होतं.

पुन्हा त्याच पंपावर उभे राहिलो. एकूण तीनशे दोन मैल झाले होते. मामांनी नोझल लावलं आणि मी खिडकीतून आकडा बघत बसले. त्रेपन्न पॉइंट सहा लिटरला खटका पडला. मी मोबाइलवर लिटरचे गॅलन करून भागाकार केला. पंचवीस पॉइंट सहा. मी मान बाहेर काढून सांगितलं की मामा, तुम्ही जिंकलाय, चोपन्न पॉइंट नऊच्या आत राहिलात की झालं.

मामींनी आपली काच खाली केली.

"खटका पडला ना? मग बास की आता. किती भराल?"

हे त्या म्हणाल्या. ज्यांना मामांना हरवायचं होतं त्या. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. मग नोझल तसंच ठेवून ते मागे गेले आणि बंपरवर चढले. एक उडी, दोन, तीन. आत फेस बसला. चोपन्न पॉइंट चार. परत उड्या. या वेळी मी पिकअप हलवायला उतरले नाही. त्यांनी एकट्याने हलवला. डिझेल टाकीच्या तोंडाशी दिसलं तेव्हा आकडा पंचावन्न पॉइंट दोन होता. त्यांनी झाकण लावलं, हात पुसले आणि माझ्या खिडकीशी आले.

चोवीस पॉइंट नऊ, मी सांगितलं. आणि घाईघाईने पुढे म्हटलं की याला कुणीही पंचवीसच धरेल.

"तुझ्या ऑफिसात धरतात?"

नाही धरत. मला खरंच रडू यायला लागलं, एका दशांशासाठी. त्यांनी हे नियमासाठी केलं की मामींच्या गुडघ्यांसाठी, ते मला त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढे विचारायचं धाडसही झालं नाही.

"हरलो," मामा म्हणाले. "विकू या."

मामी गाडीतून उतरल्या. सावकाश, दाराला धरून. त्यांनी पंपावरचा आकडा बघितला, मग मागे वळून कॅरव्हान बघितली, आणि मला दरडावून म्हणाल्या, "एका खेपेवरून काय ठरतं गं? जाताना एवढा वारा होता. त्या गोडाऊनमध्ये अर्धा तास पुढे-मागे केलं. असं एकदाच मोजून कुणी राहतं घर विकतं का?"

मामा म्हणाले, मग करायचं काय?

"परत जायचं. ईस्टरला. आणि तिथे पाणी तुम्ही आणायचं, भांडी तुम्ही घासायची. मी खुर्ची टाकून समुद्र बघणार."

 मागे रांग लागली होती आणि नेहमीप्रमाणे कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. मी वही उघडली आणि आता यात काय लिहू, असं विचारलं.

"लिही," मामी म्हणाल्या, "निकाल राखून ठेवलाय."

मी तसंच लिहिलं आणि खाली दोघांच्या सह्या घेतल्या. मामींनी झटकन केली. मामांना मात्र चष्मा पुसायला दोनदा थांबावं लागलं.